डाळिंबाची तहान आणि उसना हिवाळा

डाळिंब हे कमी पाण्याचे झाड आहे, असे आपण सगळेच म्हणतो. सांगोला, आटपाडी, जत या भागांत, जिथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे या काटेरी झुडपाने अनेकांचे संसार उभे केले. त्यामुळे हे म्हणणे खोटे नाही. मात्र त्याचे दोन उलटसुलट आणि सारखेच चुकीचे अर्थ काढले जातात. काही जण झाड लावून ते देवाच्या भरवशावर सोडतात आणि फळे तडकली की रोपवाटिकेला दोष देतात. दुसऱ्या टोकाला गच्चीवर बाग करणारी हौशी मंडळी असतात. ती रोज संध्याकाळी कुंडीत तांब्याभर पाणी ओततात, वर्षभर हिरवेगार झाड पाहतात आणि लालभडक फुले टपाटप गळू लागली की हवालदिल होतात. माझ्या एका परिचितांनी तर अशा झाडाला लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली आहे. त्या मिरचीने झाडाचे काही बिघडले नाही, एवढेच तिच्या बाजूने म्हणता येईल.

फुले गळण्याचे पहिले कारण फुलातच असते. गळलेले फूल उचलून ब्लेडने उभे कापून पाहावे. डाळिंबाच्या एकाच झाडावर मुख्यतः दोन प्रकारची फुले येतात. एका प्रकाराचे बूड घटासारखे फुगीर असते, त्यात बीजांडकोश पूर्ण वाढलेला असतो आणि कुक्षीवृंत लांब असतो. फळ होते ते याच फुलाचे. दुसरा प्रकार घंटेसारखा, बुडाशी निमुळता असतो. त्यातील स्त्रीकेसर खुरटलेला असतो, म्हणजे व्यवहारात ते नरफूल असते आणि पराग देऊन गळून जाते. फळ पोसणे झाडाला महागात पडते, पराग तयार करणे स्वस्त असते. त्यामुळे झाडाची शिल्लक कमी पडली की घंटाकृती फुलांचे प्रमाण वाढते. तेव्हा गळलेली फुले मोजण्यापेक्षा ती कोणत्या आकाराची आहेत हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. जाता जाता पाकळ्यांकडेही लक्ष द्यावे. पेटीत कोंबून ठेवलेल्या रेशमी कापडासारख्या त्या चुरगळलेल्या दिसतात. आपले राज्यफूल असलेल्या तामणाच्या पाकळ्याही अशाच असतात, कारण डाळिंब, तामण, मेंदी आणि धायटी ही सगळी एकाच कुळातली भावंडे आहेत.

आता पाण्याकडे वळू. इराणपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचा प्रदेश हे डाळिंबाचे माहेर आहे. तिथे हिवाळा कडक असतो, झुडपाची पाने झडतात, ते काही महिने निजते आणि वसंतात एकदम फुलते. महाराष्ट्राच्या पठारावर अशी थंडी नसल्याने झाडाला झोपण्याचे कारणच उरत नाही. ते वर्षभर थोडे वाढते, थोडे फुलते आणि अधूनमधून चार फळे धरते. घरच्या झाडाला हे चालून जाते. पण बाजारात फळ नेणाऱ्या शेतकऱ्याला सगळी फुले एकाच वेळी हवी असतात. म्हणून थंडीऐवजी तहान वापरून झाडाला उसना हिवाळा दिला जातो. शेतकरी याला ‘ताण देणे’ म्हणतात, आणि ताणानंतरच्या फुलोऱ्यासाठी बाग राखणे म्हणजे ‘बहार धरणे’. आंब्याला मोहोर येतो त्या सुमाराचा तो आंबे बहार. मृग आणि हस्त या पावसाच्या नक्षत्रांचे ते मृग आणि हस्त बहार.

ताण म्हणजे जमिनीच्या मगदुरानुसार महिना ते दोन महिने पाणी तोडणे. हलक्या मुरमाड जमिनीत कमी दिवस पुरतात, भारी जमिनीत जास्त लागतात. या काळात झाडाच्या आत जे घडते, ते मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत देखणे वाटते. माती सुकू लागली की ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि त्याच्या इशाऱ्याने पानांवरची रंध्रे मिटू लागतात. पण त्याआधीच दुसरी एक गोष्ट थांबलेली असते, ती म्हणजे नव्या पेशींचे फुगणे. पेशी मोठी होते ती आतल्या पाण्याच्या दाबाने. तो दाब जरा उतरला तरी शेंड्याची वाढ खुंटते. प्रकाशसंश्लेषण मात्र त्यानंतरही काही काळ चालू राहते. म्हणजे कारखाना सुरू आहे आणि गिऱ्हाईक बंद झाले आहे, अशी स्थिती होते. तयार झालेली साखर नव्या पालवीवर खर्च होत नाही. ती पिष्टाच्या रूपात फांद्यांत आणि मुळांत साठते. कोरड्या मातीतून मुळांना नत्रही फारसे उचलता येत नाही. कर्बोदके वाढलेली आणि नत्र घटलेले, हे गुणोत्तर फुलांना अनुकूल असते, असा विचार अमेरिकेतील क्राउस आणि क्रेबिल यांनी १९१८ मध्ये टोमॅटोवरील प्रयोगांतून मांडला होता. आज चित्र त्याहून गुंतागुंतीचे मानले जाते. शाकीय म्हणजे पानाफांद्यांची वाढ रेटणारे जिबरेलिन घटणे आणि ॲब्सिसिक आम्ल व सायटोकायनिन या संप्रेरकांचा तोल बदलणे यांचाही त्यात वाटा असतो, आणि फांदीवरचा कोंब ‘फुलाचा डोळा’ होणार की ‘पानाचा डोळा’ हा निर्णय या सगळ्यांच्या ओढाताणीतून होतो.

पाने पिवळी पडू लागली की बहुतेक बागांत इथेफॉन फवारून उरलेली पानगळ केली जाते. आम्लधर्मी द्रावणात हे रसायन टिकून राहते. पानातल्या पेशींत आम्लता कमी असल्याने तिथे ते फुटते आणि इथिलीन वायू बाहेर पडतो. त्यामुळे देठाच्या बुडाशी सुटणाऱ्या पेशींचा थर तयार होतो आणि पान गळते. मग हलकी छाटणी, शेणखत, खतांची मात्रा आणि पहिले हलके पाणी. साठवलेले पिष्ट पुन्हा साखर होऊन डोळ्यांकडे धावते आणि साधारण महिना-सव्वा महिन्यात बाग लाल होते.

इथून पुढे मात्र दुष्काळाचे कौतुक पूर्णपणे विसरावे. झाड तहान सोसते; फळ सोसत नाही. पाणी तुटले की वाढत्या फळाची साल ताठर होते, आणि नंतर एकदम भरपूर पाणी मिळाले की आतले दाणे झपाट्याने फुगतात. आपण खातो तो दाण्याचा रसाळ भाग म्हणजे बियांचेच बाह्य आवरण असते, आणि पाणी शोषून फुगणे हेच त्याचे काम असते. साल ताणली जात नाही, म्हणून फळ तडकते. बोरॉन किंवा कॅल्शियम कमी असेल तर साल आणखी दुबळी होते. उपाय ठिबक हाच आहे. रोज किंवा दिवसाआड थोडे पाणी द्यावे, जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल न होईल अशी, ठेवावी आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

लागवडीची बाकी कामे अवघड नाहीत. बियांपासून वाढवलेले झाड आईसारखे निघेल याची खात्री नसते, म्हणून पक्व फांदीचा छाट किंवा पावसाळ्यात बांधलेली गुटी (झाडावरच मुळे फुटवून घेतलेली फांदी) वापरावी. पुण्यात १९३६ मध्ये ‘आळंदी’ या वाणामधून निवडलेला ‘गणेश’ आणि नंतर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘मृदुला’ व ‘भगवा’ हे वाण आपल्याकडे चांगले रुळले आहेत. बुडाशी सतत फुटणारे फुटवे काढून तीन-चार खोडेच ठेवावीत. पाणी साचू देऊ नये, कारण मुळांना गुदमरणे तहानेपेक्षाही कमी सोसते. फळावर तेलकट डाग पाडणारा तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. तो पावसाच्या शिंतोड्यांतून आणि कात्रीच्या पात्यावरून पसरतो, म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करावी. तेल्याच्या भागात मृग बहार टाळला जातो तो याच कारणाने, जरी त्याला पाणी सर्वांत कमी लागत असले तरी.

कुंडीतल्या झाडालाही ताण देता येतो, पण तिथली माती थोडक्या दिवसांत सुकते, म्हणून दिवस न मोजता पाने पाहावीत. पाने पिवळी होऊन गळू लागली की पुरे. कोवळ्या काड्या सुरकुतेपर्यंत थांबू नये. फूल धरल्यापासून फळ तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात. या काळात घाई करून उपयोग नाही, कारण केळ्यासारखे डाळिंब तोडल्यावर पिकत नाही. फळाच्या बाजू किंचित चपट्या झाल्या, साल गुळगुळीत होऊन रंग भरला आणि मुकुटाच्या पाकळ्या आत वळल्या की ते ओढू नये, देठाजवळ कात्रीने कापावे.