दुसऱ्या पृथ्वीच्या शोधाची पूर्वपीठिका

सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, वेधांचा आधार देऊन केलेला सर्वांत जुन्या दाव्यांपैकी एक दावा मद्रासहून झाला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास वेधशाळेचे प्रमुख कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब यांनी १८५५ मध्ये भुजंगधारी तारकासमूहातील ‘७० ऑफियुची’ या जोडताऱ्याच्या कक्षेत तफावत असल्याचे दाखवले आणि एखाद्या न दिसणाऱ्या ग्रहामुळे ती पडत असावी, असे मत मांडले. जेकब मूळचे मुंबई इलाख्याच्या लष्करी अभियंता दलातले. मद्रासला जाण्यापूर्वी त्यांनी पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा उभारली होती. पुढे पुण्याजवळच्या डोंगरावर नवी वेधशाळा उभी करण्याचे काम घेऊन ते १८६२ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडहून परतले, परंतु मुंबईत उतरल्यावर आठवडाभरातच पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रह अमेरिकेतील टी. जे. जे. सी यांनी शतकाच्या अखेरीस पुन्हा ‘शोधला’. मात्र सी यांनी सांगितलेली तीन वस्तूंची रचना स्थिर राहूच शकत नाही, हे फॉरेस्ट मोल्टन यांनी १८९९ मध्ये गणिताने सिद्ध केले.

पृथ्वीसारख्या ग्रहांच्या शोधाचा पुढचा बराच इतिहास याच धर्तीचा आहे. आकाशातील ज्या हालचाली मोजायच्या त्या उपकरणांच्या चुकांहून लहान, आणि त्यांवर बांधलेल्या आशा मात्र मोठ्या, असे हे व्यस्त प्रमाण आहे. दुसऱ्या ताऱ्यांकडे जाण्याच्या योजनाही वेळोवेळी अशाच कच्च्या मोजमापांवर उभ्या राहिल्या.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बर्नार्डच्या ताऱ्याचे आहे. सुमारे ६ प्रकाशवर्षांवरील या लाल खुजा (सूर्याहून बराच लहान व मंद) ताऱ्याची छायाचित्रे डच वंशाचे खगोलशास्त्रज्ञ पीटर व्हान डी काम्प हे अमेरिकेतील स्प्रॉल वेधशाळेतून १९३८ पासून घेत होते. ताऱ्याच्या मार्गात सूक्ष्म वळसे दिसतात आणि त्यामागे गुरूहून काहीसा जड ग्रह आहे, असे त्यांनी १९६३ मध्ये जाहीर केले. पुढे एकाऐवजी दोन ग्रह असल्याचेही सांगितले. दहा वर्षांनी जॉर्ज गेटवुड आणि हाइनरिख आइकहॉर्न यांना दुसऱ्या दुर्बिणींच्या छायाचित्रांत या वळशांचा मागमूसही सापडला नाही. स्प्रॉलमध्येच काम करणाऱ्या जॉन हर्शी यांना तर इतर ताऱ्यांच्या स्थानांतही तशीच उडी आढळली, आणि तिचा काळ दुर्बिणीच्या भिंगाच्या बैठकीत केलेल्या बदलाशी जुळत होता. डोलत होती ती दुर्बीण. व्हान डी काम्प यांनी हे अखेरपर्यंत मान्य केले नाही. परंतु तोपर्यंत त्या नसलेल्या ग्रहांकडे जाण्याची तयारी सुरू झाली होती. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ या काळात आखलेल्या ‘डेडलस’ या मानवरहित आंतरतारकीय यानाच्या आराखड्यात बर्नार्डचा तारा हेच लक्ष्य होते. सुमारे ५४ हजार टनांचे हे यान, त्यातील ५० हजार टन इंधनच, प्रकाशाच्या सुमारे १२ टक्के वेगाने तेथे ५० वर्षांत पोहोचेल, असा हिशेब होता. या ताऱ्याभोवती खरोखरीचे चार ग्रह असल्याचे २०२४ आणि २०२५ मधील वेधांतून निश्चित झाले. ते सारे पृथ्वीहून लहान असून ताऱ्याच्या इतके जवळ आहेत की तेथे पाणी द्रवरूपात टिकणे अशक्य आहे.

राहण्याजोगा ग्रह कोणता, हा प्रश्न अर्थातच असा एखादाही ग्रह हाती नसताना सोडवला जात होता. सू-शू ह्वांग यांनी १९५९-६० च्या सुमारास ताऱ्याभोवतीच्या वासयोग्य पट्ट्याची कल्पना मांडली. अमेरिकेच्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेतील स्टीफन डोल यांनी १९६४ मध्ये थेट माणसाच्या वस्तीच्या दृष्टीने गुरुत्वाकर्षण, तापमान, हवेतील ऑक्सिजन आणि दिवसाची लांबी यांच्या मर्यादा ठरवल्या. मायकेल हार्ट यांनी १९७९ मध्ये हा पट्टा फारच अरुंद असल्याचे गणित मांडले, तर जेम्स कास्टिंग व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कार्बन डायऑक्साइडचे चक्र विचारात घेऊन तो पुष्कळ रुंद केला. आज वापरली जाणारी व्याख्या मुख्यतः कास्टिंग यांचीच आहे, आणि ती पृष्ठभागावर द्रवरूप पाणी असू शकेल की नाही एवढेच सांगते. तेथे श्वास घेता येईल की नाही, याबद्दल ती मौन बाळगते. बातम्यांतून हा फरक नेहमी निसटतो.

ग्रहाचा नादच सोडावा, असे म्हणणाराही एक पक्ष होता. प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी १९७४ मध्ये मांडले की वाढत्या मानवी वस्तीसाठी ग्रहाचा पृष्ठभाग ही मुळात योग्य जागाच नाही. त्याऐवजी अवकाशात फिरती, स्वतःच्या परिवलनाने गुरुत्वाचा भास निर्माण करणारी वसाहत बांधावी. नासाच्या एम्स केंद्रातील १९७५ च्या उन्हाळी अभ्यासगटाने त्यातून १० हजार माणसांच्या चक्राकार वसाहतीचा आराखडा केला. तो कागदावरच राहिला, पण अंतराचा प्रश्न प्रामाणिकपणे मांडणारा विचार म्हणून माझ्या मते त्याचे महत्त्व अधिक आहे.

खरे ग्रह सापडले ते वेगळ्या वाटेने. ग्रहाच्या ओढीने तारा आपल्याकडे व आपल्यापासून दूर असा हलतो आणि त्याच्या वर्णपटातील रेषा सरकतात. तसेच ग्रह समोरून गेला तर ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो, म्हणजे अधिक्रमण होते. ताऱ्याला अगदी खेटून फिरणारे गुरूएवढे ग्रह असतील तर या दोन्ही रीतींनी ते शोधता येतील, असे ओटो स्ट्रूव्ह यांनी १९५२ मध्येच लिहिले होते. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. अलेक्झांडर व्होल्शान आणि डेल फ्रेल यांनी १९९२ मध्ये एका स्पंदकाभोवती, म्हणजे मृत ताऱ्याभोवती, ग्रह शोधले. नंतर १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांना महाश्व समूहातील ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती अवघ्या ४.२ दिवसांत फेरी मारणारा ग्रह आढळला. त्यासाठी दोघांना २०१९ चे नोबेल मिळाले.

गुरूच्या ओढीने सूर्य सेकंदाला सुमारे १२ मीटर वेगाने हलतो, तर पृथ्वीच्या ओढीने केवळ ९ सेंटिमीटर. त्यामुळे लहान ग्रहांसाठी अधिक्रमणाची वाट धरणे भाग होते, आणि येथे नासाचे विल्यम बोरुकी यांची चिकाटी नोंदवण्यासारखी आहे. त्यांनी १९८४ पासून या पद्धतीचा पाठपुरावा केला, त्यांचा प्रस्ताव नासाने चार वेळा नाकारला, आणि २००१ अखेर तो स्वीकारला गेला. पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर प्रकाशात दहा लाखांत सुमारे ८४ भागांची घट होते. ती टिपण्याजोगी अचूकता मिळवणे हेच खरे आव्हान होते. मार्च २००९ मध्ये निघालेल्या केप्लर दुर्बिणीने हंस व स्वरमंडळ समूहांच्या दिशेच्या सुमारे दीड लाख ताऱ्यांवर नजर ठेवली आणि तिच्या नोंदींतून २६०० हून अधिक ग्रह निश्चित झाले. मात्र सूर्यासारख्या ताऱ्यांचा प्रकाश अपेक्षेहून अधिक चंचल निघाला, म्हणून जास्त वर्षांच्या नोंदी लागणार होत्या. त्या मिळण्याआधीच २०१३ मध्ये दुर्बीण स्थिर ठेवणारी दुसरी चक्रिका निकामी झाली. वर्षभराच्या कक्षेत, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढे ग्रह किती, या मूळ प्रश्नाचे उत्तर म्हणूनच आजही अंदाजाने वाढवलेल्या आकड्यांवर अवलंबून आहे.

या कामात भारताचा सहभाग छोटा पण ठोस आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबू येथील ‘पारस’ वर्णपटमापकाने २०१८ मध्ये सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरील एका ग्रहाचे वस्तुमान मोजले. ते पृथ्वीच्या सुमारे २७ पट निघाले.

केप्लरनंतर लक्ष जवळच्या लाल खुजा ताऱ्यांकडे वळले, कारण तेथे लहान ग्रहही सहज जाणवतो. सर्वांत जवळच्या प्रॉक्सिमा ताऱ्याभोवती, ४.२ प्रकाशवर्षांवर, वासयोग्य पट्ट्यातला ग्रह २०१६ मध्ये सापडला. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवतीचे सात ग्रह २०१७ मध्ये जाहीर झाले. हे तारे ज्वाळा फेकणारे असल्याने त्यांच्या ग्रहांची हवा टिकते का, हाच आता कळीचा मुद्दा आहे. जेम्स वेब दुर्बिणीला ट्रॅपिस्टच्या सर्वांत आतल्या ग्रहाभोवती २०२३ मध्ये वातावरणाची लक्षणे दिसली नाहीत. प्रॉक्सिमाकडे जायचे म्हटले तर व्हॉयेजर-१ यानाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरने, ७० हजारांहून अधिक वर्षे लागतील. म्हणून पुढची मोठी योजना जाण्याची नसून दुरून पाहण्याची आहे: अमेरिकेच्या खगोलशास्त्राच्या २०२१ च्या दशवार्षिक आढाव्याने ताऱ्याचा झगमगाट झाकून सुमारे २५ वासयोग्य ग्रहांचा प्रकाश वेगळा तपासू शकेल अशी अवकाश दुर्बीण सुचवली असून, ती २०४० च्या दशकात अवकाशात जाईल, असा त्या आढाव्याचा अंदाज होता.