मुलगी की ‘सर्व्हिटर’ : जेन मॅनिंग जेम्स यांच्या अर्जांची पार्श्वभूमी

१८ मे १८९४ रोजी अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे मॉर्मन पंथाच्या मंदिरात झालेल्या एका विधीत एका स्त्रीला पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या कुटुंबाशी अनंतकाळासाठी जोडण्यात आले. स्मिथ यांची हत्या होऊन पन्नास वर्षे होत आली होती, म्हणून त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या उभा राहिला. मृतांच्या वतीने जिवंतांनी विधी करणे या पंथात नित्याचेच होते. ती स्त्री मात्र हयात होती आणि त्याच शहरात राहत होती. तरीही तिच्या जागी दुसरी स्त्री उभी करण्यात आली, कारण तिला स्वतःला त्या विधीसाठी मंदिरात येऊ दिले गेले नाही. ती जेन मॅनिंग जेम्स, १८४७ साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचलेली कृष्णवर्णीय वसाहतकरी. त्या दिवशी जोडले गेलेले नाते तिने मागितलेले, म्हणजे मुलीचे, नव्हते. विधीच्या शब्दांत ती ‘सर्व्हिटर’, म्हणजे चाकर, ठरली.

जेन यांचे चरित्र सांगताना बहुतेक लेखक दोन प्रसंगांवर थांबतात : १८४३ ची पायपीट आणि १८४९ चे पीठ. दोन्ही प्रसंग खरे आहेत आणि त्यांचा उल्लेख पुढे येईलच. परंतु १८८४ ते १९०३ या काळात त्यांनी चर्चच्या नेत्यांकडे वारंवार केलेले अर्ज हाच त्यांच्या आयुष्याचा सर्वांत बोलका भाग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यामुळे येथे त्यालाच अधिक जागा दिली आहे.

त्यांचा जन्म कनेक्टिकटमधील विल्टन येथे १८२० च्या दशकाच्या प्रारंभी झाला. आई एके काळी गुलामगिरीत होती. जेन मात्र स्वतंत्र जन्मल्या. लहानपणीच त्यांना न्यू केनानमधील एका गोऱ्या कुटुंबात घरकामाला ठेवण्यात आले. सिल्व्हेस्टर हा त्यांचा पहिला मुलगा लग्नापूर्वीचा होता, आणि त्याच्या वडिलांविषयी त्यांनी आपल्या आत्मकथनात काहीही सांगितलेले नाही. १८४१ मध्ये त्या स्थानिक काँग्रिगेशनल चर्चमध्ये दाखल झाल्या. त्यानंतर लवकरच एका मॉर्मन प्रचारकाचे प्रवचन ऐकून त्यांनी नवा बाप्तिस्मा घेतला. १८४३ च्या शरद ऋतूत आई, भावंडे आणि इतर आप्त यांच्यासह त्या इलिनॉयमधील नॉवूकडे निघाल्या. न्यूयॉर्क राज्यातील बफेलोपर्यंत ते गोऱ्या सहधर्मीयांबरोबर आले, परंतु तेथून पुढच्या बोटीवर कृष्णवर्णीयांना घेण्यास नकार मिळाला. उरलेले सुमारे ८०० मैल ते चालत गेले. बूट झिजून गेले, तळपायांना भेगा पडल्या आणि रक्ताळलेल्या पावलांचे ठसे जमिनीवर उमटू लागले, असे त्यांनी म्हातारपणी सांगून ठेवले आहे. वाटेत पिओरिया येथे, स्वतंत्र असल्याचे कागद जवळ नाहीत म्हणून, तुरुंगात टाकण्याची धमकीही मिळाली. ज्यांचा जन्मच स्वातंत्र्यात झाला होता त्यांच्याकडे मुक्ततेचा दाखला असणार कोठून, हा साधा प्रश्न त्या अधिकाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

नॉवूमध्ये जोसेफ आणि एमा स्मिथ यांनी या कुटुंबाला घरात घेतले. इतरांना काम आणि निवारा मिळाल्यावर ते पांगले, जेन मात्र स्मिथ यांच्या घरीच धुण्याच्या कामावर राहिल्या. पुढील अर्धशतकाचा वाद याच घरातील एका संभाषणातून निघाला, म्हणून ते नीट पाहणे आवश्यक आहे. जेन यांच्या सांगण्यानुसार एमा यांनी एकदा त्यांना विचारले की, आमचे मूल म्हणून दत्तक यायला तुला आवडेल का? जेन काही बोलल्या नाहीत. एमा यांनी विचार करण्यास वेळ दिला आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारले. तेव्हा जेन यांनी नाही म्हटले, कारण त्याचा अर्थ काय हे त्यांना समजले नव्हते. ‘नाही’ म्हटल्याची ही आठवण सांगताना त्यांनी एमा यांना कोठेही दोष दिलेला नाही. आपल्याला कळले नाही, एवढेच त्या म्हणतात.

मराठी वाचकाला ‘दत्तक’ या शब्दाने वंश, वारसा आणि मालमत्ता आठवते. मॉर्मन पंथात या शब्दाला आणखी एक अर्थ होता आणि गुंता तेथेच आहे. ‘सीलिंग’ नावाच्या विधीने पती-पत्नी, पालक-मुले ही नाती मृत्यूनंतरही टिकतात, अशी त्यांची श्रद्धा. ज्याचे स्वतःचे आईवडील पंथात नव्हते, त्याला एखाद्या नेत्याचा पुत्र किंवा कन्या म्हणून सील करण्याची रीत निघाली आणि तिलाही दत्तक हेच नाव मिळाले. परंतु असे विधी प्रथम झाले ते नॉवूच्या मंदिरात, १८४६ च्या प्रारंभी. एमा यांनी विचारले ते त्याच्या सुमारे दोन वर्षे आधी. तेव्हा त्यांच्या मनात पुढे येणाऱ्या विधीची कल्पना होती, की वडील नसलेल्या तरुणीला घरातली मुलगी करून घेण्याचा साधा जिव्हाळा होता, की जेन यांनी पन्नास वर्षांनंतर ती आठवण नंतरच्या विधीच्या भाषेत मांडली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. प्रस्तुत लेखकाला दुसरी शक्यता अधिक स्वाभाविक वाटते. तथापि ‘मूल म्हणून’ हे शब्द जेन यांच्या कथनात निःसंदिग्ध आहेत, आणि पुढील सर्व अर्जांचा आधार तेच शब्द आहेत.

जून १८४४ मध्ये कार्थेज येथे स्मिथ मारले गेले. जेन काही काळ चर्चच्या पुढच्या अध्यक्षांच्या घरी कामाला राहिल्या आणि न्यू जर्सीहून आलेल्या आयझॅक जेम्स या स्वतंत्र कृष्णवर्णीयाशी त्यांचे लग्न झाले. १८४६ मध्ये त्यांनी इतरांबरोबर नॉवू सोडले. त्याच वर्षी आयोवातील एका ओढ्याकाठच्या तळावर सायलस या मुलाचा जन्म झाला, आणि सप्टेंबर १८४७ मध्ये हे चौघे सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले. त्या वर्षी खोऱ्यात आलेल्या इतर कृष्णवर्णीयांपैकी अनेक जण गोऱ्या वसाहतकऱ्यांचे गुलाम म्हणून आले होते; जेम्स कुटुंब स्वतंत्र होते. हा फरक कागदावर मोठा होता, परंतु पिकाची नासाडी आणि उपासमार यांपुढे सगळ्यांची गत सारखीच होती. एप्रिल १८४९ मध्ये चर्चच्या एका प्रेषिताच्या, म्हणजे वरिष्ठ नेत्याच्या, पत्नीने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे की, घरात धान्य नसताना जेन जेम्स यांनी दोन पौंड पीठ दिले आणि ते त्यांच्याजवळ होते त्याच्या निम्मे होते. देणाऱ्या बाईंनी या पिठाचा उल्लेख केलेला नाही. घेणारीने नोंद ठेवली म्हणून ते आपल्याला माहीत आहे.

१८५२ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी युटा प्रदेशाच्या विधिमंडळाने सेवेविषयीचा कायदा करून कृष्णवर्णीयांच्या गुलामगिरीला मान्यता दिली, आणि त्याच सुमारास चर्चच्या अध्यक्षांनी, जे प्रदेशाचे राज्यपालही होते, आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना याजकपद मिळणार नाही असे जाहीर केले. गुलामगिरी १८६२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या कायद्याने सर्वच प्रदेशांतून गेली. याजकपदाची बंदी राहिली, आणि तिच्यामागे कृष्णवर्णीय म्हणजे बायबलमधील काइनचे शापित वंशज ही समजूतही राहिली. संस्थापकांच्या हयातीत मात्र किमान दोन कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद मिळाले होते. त्यांपैकी सॉल्ट लेकमध्ये राहणाऱ्या एका सुताराने १८७९ मध्ये एंडाउमेंट या मंदिरातील मुख्य विधीची परवानगी मागितली, आणि तीही नाकारण्यात आली. ही बंदी स्त्रियांसाठी नव्हती असे वरवर वाटते, पण ते खरे नाही. विवाहाच्या सीलिंगसाठी पती याजक असावा लागे आणि आयझॅक यांना ते पद मिळणे शक्य नव्हते. एंडाउमेंटचे दार तर दोघांनाही बंद होते.

घरच्या आयुष्याविषयी थोडक्यात एवढेच. १८६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जेम्स कुटुंबाकडे जमीन, घर आणि गुरे होती. १८७० च्या सुमारास आयझॅक घर सोडून गेले आणि घटस्फोट झाला. जेन यांचे १८७४ चे दुसरे लग्नही फार टिकले नाही. धुणी आणि घरकाम करून त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या; मुलांपैकी बहुतेकांचे मृत्यू त्यांना पाहावे लागले आणि अखेरीस दोनच मुले मागे राहिली. आयझॅक सुमारे वीस वर्षांनी परतले, तेव्हा जेन यांनी त्यांना घरात घेतले, आणि १८९१ मध्ये त्यांचा अंत्यविधी त्याच घरातून झाला.

२७ डिसेंबर १८८४ च्या पत्रात जेन यांनी चर्चच्या तिसऱ्या अध्यक्षांना जे लिहिले ते वाचताना त्यांची युक्तिवादाची तयारी लक्षात येते. आपला वंश आणि वर्ण यामुळे गोऱ्यांप्रमाणे एंडाउमेंटची अपेक्षा करता येत नाही, हे त्या आरंभीच मान्य करतात. मग त्या बायबलकडे वळतात : अब्राहामाच्या संततीद्वारे पृथ्वीवरील सर्व राष्ट्रे आशीर्वादित होतील असे देवाचे वचन आहे, आणि हा तर सर्व युगांच्या पूर्णतेचा काळ, मग माझ्यासाठी एकही आशीर्वाद नाही काय? शापाचा आधार ज्या ग्रंथात शोधला गेला होता, त्याच ग्रंथातील वचन त्यांनी पुढे केले. त्याच पत्रात त्यांनी एमा यांच्या प्रस्तावाची आठवण दिली आणि आता आपण तो स्वीकारू इच्छितो, असे कळवले.

उत्तरादाखल १८८८ मध्ये त्यांना मृत आप्तांसाठी बाप्तिस्मा घेण्यापुरता मंदिराचा परवाना मिळाला आणि त्यावर समाधान मानण्याचा सल्लाही. १८९० मध्ये त्यांनी वेगळी वाट धरली : याजकपद मिळालेले मॅसॅच्युसेट्समधील एक दिवंगत कृष्णवर्णीय न्हावी यांच्याशी आपल्याला पत्नी म्हणून सील करावे. नियम म्हणतो पती याजक हवा, तर हा घ्या याजक, असा तो अर्ज होता. तोही फेटाळला गेला.

आता १८९४ च्या विधीकडे. आठ एप्रिल १८९४ रोजी चर्चच्या चौथ्या अध्यक्षांनी वार्षिक परिषदेत घोषणा केली की, यापुढे कोणी नेत्यांशी दत्तक म्हणून सील होऊ नये. प्रत्येकाने आपापल्या आईवडिलांशी आणि पूर्वजांशी जोडले जावे. म्हणजे सर्वसाधारण दत्तकाची रीतच बंद झाली. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत जेन यांना स्मिथ कुटुंबाशी जोडण्यात आले. इतरांसाठी जे संपले ते त्यांच्यासाठी अपवाद म्हणून खुले झाले, असे म्हणता आले असते. पण तसे झाले नाही. १९०२ च्या एका बैठकीच्या कार्यवृत्तात या प्रसंगासाठी खास विधी तयार केल्याची स्पष्ट नोंद आहे. जुना विधी वापरला असता तर त्या कन्या ठरल्या असत्या. नवा विधी रचावा लागला तो नात्याचे नाव बदलण्यासाठी, आणि हा बदल चुकून झालेला नाही हे त्यावरून उघड होते. 

‘सर्व्हिटर’ या शब्दाचे मराठी करणे सोपे नाही. ‘सेवेकरी’ म्हटले तर देवस्थानातील मानाची सेवा डोळ्यांसमोर येते. ‘दासी’ म्हटले तर भक्ताने आपण होऊन पत्करलेल्या दास्याची छटा येते, आणि येथे तर ते इतरांनी ठरवून दिलेले होते. विधीच्या मजकुरात प्रभूमध्ये सर्व बाबतींत आज्ञाधारक राहण्याची अट आहे, त्यामुळे ‘चाकर’ हाच शब्द सर्वांत जवळ जातो. चर्चमधील लोक त्यांना ज्या नावाने हाक मारत, त्याचे मराठी ‘जेन मावशी’ असे होईल. आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंना ‘मावशी’ म्हणताना जशी आपुलकी आणि पायरी एकत्र नांदतात, तशीच ती त्या काळच्या अमेरिकेत वृद्ध कृष्णवर्णीय स्त्रियांना लावल्या जाणाऱ्या या संबोधनातही नांदत होती.

त्या वेळच्या नेत्यांनी सद्भावनेने मधला मार्ग काढला, असे काही लेखक मांडतात. स्वतः जेन यांनी तसे मानले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या पुन्हा अध्यक्षांना भेटल्या आणि एंडाउमेंट मागितले. देवाच्या नियमाविरुद्ध असल्याने ते देता आले नाही, असे अध्यक्षांनी आपल्या रोजनिशीत लिहिले. १९०२ च्या कार्यवृत्तातही त्या समाधानी नसल्याचे आणि पुन्हा अर्ज केल्याचे नमूद आहे. १९०३ मध्ये, दृष्टी अधू झालेली असताना, त्यांनी आणखी एक पत्र पाठवले. याच काळात त्यांनी आपले आत्मकथन दुसऱ्या स्त्रीकडून लिहवून घेतले आणि ते आपल्या अंत्यविधीत वाचले जावे अशी इच्छा व्यक्त केली. १६ एप्रिल १९०८ रोजी त्यांचे निधन झाले. १८९४ च्या विधीत काकांच्या जागी उभे राहिलेले पुतणे तोवर चर्चचे अध्यक्ष झाले होते, आणि अंत्यविधीत त्यांनी भाषण केले.

त्यानंतरचा मोठा टप्पा सात दशकांनी आला. जून १९७८ मध्ये चर्चने वंशावर आधारित बंदी उठवली आणि १९७९ मध्ये जेन यांच्या नावे एंडाउमेंटचा विधी झाला. १९९९ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक उभे राहिले. २०१३ मध्ये चर्चने आपल्या अधिकृत निबंधात बंदीच्या समर्थनार्थ दिल्या गेलेल्या शापाच्या उपपत्ती नाकारल्या. २०२२ मध्ये खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या वारसा उद्यानात १८४७ च्या कृष्णवर्णीय वसाहतकऱ्यांचे पुतळे उभारण्यात आले, त्यांत जेन यांचा पुतळा आहे. १९७९ च्या त्या विधीतही त्यांच्या जागी एक प्रतिनिधी स्त्री उभी होती. या वेळी मात्र ते पंथाच्या नित्याच्या रीतीप्रमाणे होते, कारण जेन यांना जाऊन ७१ वर्षे झाली होती.