±१५ चा सिंथ ±१२ वर चालवताना: काय बदलायचं, काय नाही

आमचा सिंथचा (आवाज घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) सप्लाय बोर्ड घेणाऱ्यांचा हमखास प्रश्न असतो: "सर्किट जुनं, ±१५ व्होल्टचं आहे. केस मात्र युरोरॅकची (मॉड्यूलर सिंथच्या एका ठरलेल्या मापाची), ±१२ ची. चालेल का?" बहुतेक वेळा चालतं. टीएल०७२ हा ऑपअँप (सिग्नल वाढवणारी आयसी) आणि एलएम१३७०० ही आयसी, दोघांनाही ±१२ पुरतं. ऑपअँपचं आउटपुट ±१३.५ ऐवजी ±१०.५ च्या आसपास कापलं जातं, तेव्हा मिक्सरचा आवाज जरा लवकर फाटतो. काम थोडंच आहे. घोळ होतो तो जास्त काम केल्यामुळे.

१२ भागिले १५ म्हणजे ०.८. हा आकडा हाती लागला की काही जण बोर्डावरचा प्रत्येक रेझिस्टर ०.८ ने गुणायला बसतात. सगळीकडे १०० के (किलोओहम) काढून ८२ के. मग ऑसिलेटर सुरात लागत नाही, प्रीसेट (सूर जुळवायचा छोटा स्क्रू) टोकाला जाऊन अडतो आणि बोर्ड कुरियरने आमच्या टेबलावर येतो. तोवर निम्मे पॅड उचकटलेले असतात.

रेझिस्टरचं एक टोक थेट किंवा पॉटमार्गे (फिरवायच्या रेझिस्टरमार्गे) रेलला, म्हणजे सप्लायच्या अधिक किंवा उणे लाइनला, जातं का, एवढंच बघा. सप्लाय काढा, मीटर बीपवर ठेवा, एक प्रोब रेलवर टेकवा आणि दुसरा रेझिस्टरच्या पायांवर फिरवा. मधे पॉट असेल तर ते दोन्ही टोकांना फिरवून बघा. बीप वाजली तरच ०.८ चा विचार करायचा. कीबोर्डच्या व्होल्टेजचा १०० के जॅकपासून समिंग नोडपर्यंत (कंट्रोल व्होल्टेजची बेरीज होते त्या बिंदूपर्यंत) जातो, रेलशी त्याचा संबंध नाही. पुढे ट्रान्झिस्टरच्या बेसवर एका सप्तकाला साधारण १८ मिलिव्होल्ट लागतात. ते तापमानावर ठरतं, सप्लायवर नाही. हा रेझिस्टर जसा आहे तसाच राहू द्या.

रेलला लागलेले सगळेच बदलायचे असंही नाही. सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी लहर देणाऱ्या) ऑसिलेटरमध्ये रेफरन्स करंट +१५ वरून १.५ मेगओहममधून येतो, म्हणजे १० मायक्रोअँप. ±१२ ला तेवढाच करंट हवा तर १.२ मेग. पण रिसेटची पातळीही (जिथे पोहोचून लहर पुन्हा खाली येते ते व्होल्टेज) रेलवरच्या डिव्हायडरमधून येत असेल तर करंट आणि पातळी दोन्ही ०.८ पट होतात आणि सूर जागच्या जागी राहतो. अशा सर्किटात १.२ मेग घातला तर वारंवारता ५:४ ने चढते, म्हणजे सा चा थेट शुद्ध गांधार. आधी ऐका, मग सोल्डरिंग आयर्न तापवा.

३३४० या ऑसिलेटरच्या आयसीला ०.८ लागूच होत नाही. तिच्या ३ नंबर पिनच्या रेझिस्टरचा हिशोब असा: उणे रेलमधून ७.२ वजा करा, ०.००८ ने भागा. ±१५ ला ९७५ ओहम येतात, ±१२ ला ६००. आम्ही ५६० देतो.

५५५ या टायमर आयसीवर बांधलेल्या एन्व्हलपचा (सुराचा चढ-उतार घडवणाऱ्या सर्किटचा) वेळ बदलत नाही, कारण चार्जिंग आणि थ्रेशोल्ड दोन्ही रेलच्या प्रमाणात घटतात. शिखर मात्र १० वरून ८ व्होल्टवर येतं. व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारा अँप्लिफायर) पूर्ण उघडत नसेल तर त्याच्या कंट्रोल इनपुटचा १०० के काढून ८२ के लावा. रेलला न लागलेला रेझिस्टर बदलावा अशी ही एकच जागा.

सप्लायमध्ये ७८१५ आणि ७९१५ हे रेग्युलेटर काढून ७८१२ आणि ७९१२ बसवा, १५-०-१५ ट्रान्सफॉर्मर तसाच ठेवा. १२-०-१२ लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत सहज मिळतो, पण घरची लाइन २०० व्होल्टवर आली की त्यातून डायोडनंतर जेमतेम १४ व्होल्ट उरतात. ७८१२ ला तेवढे लागतातच, त्यामुळे लोड येताच स्पीकरमधून घुंऽऽ सुरू होतं. १५-०-१५ वर रेग्युलेटर जास्त तापतात, आधीच्या ७८१५-७९१५ पेक्षा २०० मिलिअँपला प्रत्येकी ०.६ वॅट अधिक, म्हणून हीटसिंक हवाच. ७९१२ ची धातूची पाठ ग्राउंडला नसून इनपुटला जोडलेली असते. मधे अभ्रकाची चकती घाला, नाहीतर हीटसिंक केसला टेकताच शॉर्ट.

उलट, ±१२ चा सिंथ ±१५ वर न्यायचा असेल तर रेलवरचे १६ व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक काढून २५ चे लावा.

आमच्या बोर्डांवर रेलच्या रेझिस्टरशेजारी दोन्ही किमती छापलेल्या असतात. ±१२ च्या रेझिस्टरचं पाकीट वेगळं मागवावं लागतं. ते किटमध्येच का घालत नाही, असं विचारलं जातं. घातलं की सगळे रेझिस्टर बसवलेच जातात, गांधाराच्या जागेवरचासुद्धा. ऑर्डर देताना ऑसिलेटरच्या सर्किटचा फोटो पाठवा, बदलायचे नाहीत तेवढे काढून पाकीट देतो.

दुरुस्तीला बोर्ड पाठवण्याआधी तीन आकडे कळवा: अधिक रेल, उणे रेल आणि जॅकला काही न लावता ऑसिलेटरच्या आउटपुटची वारंवारता. काहींना ही टाळाटाळ वाटते. पण बरेच बोर्ड या तीन आकड्यांवरूनच फोनवर सुटतात आणि दोन्हीकडचं कुरियर वाचतं.