होखशूले, बर्लिन

बर्लिनमधील ज्यू धर्मविद्येची उच्च शिक्षणसंस्था (१८७२–१९४२). पूर्ण नाव ‘होखशूले फ्यूर दी विसेनशाफ्ट देस युडेनटुम्स’. ज्यू धर्माचा अभ्यास विद्यापीठातच व्हावा, असे रब्बी (ज्यू धर्मगुरू) आब्राहम गायगर यांचे म्हणणे होते. पण जर्मन विद्यापीठे त्यासाठी अध्यासन द्यायला तयार नव्हती. तेव्हा वर्गणी आणि देणग्यांवर ही शाळा उभी राहिली. गायगर इथे दोनच वर्षे शिकवू शकले, १८७४मध्ये ते वारले. १८८३मध्ये सरकारने ‘होखशूले’ (उच्च विद्यालय) हे नाव काढून घेतले. १९२०च्या दशकात ते परत मिळाले आणि नाझींनी पुन्हा हिरावले.

संस्था लहानच राहिली. १९०७पासून तिचा पत्ता होता आर्टिलेरीश्ट्रासे १४. सनातनी ज्यूंचे सेमिनार (रब्बी घडवणारी पाठशाळा) त्याच रस्त्यावर होते. होखशूले मात्र कोणत्याच पंथाची बांधील नव्हती, आणि तिचे खरे मोठेपण मला यातच दिसते. बहुतेक विद्यार्थी त्याच वेळी बर्लिन विद्यापीठातही नाव घालत, कारण जर्मनीतल्या रब्बीकडे धर्मज्ञानाबरोबर डॉक्टरेटही असावी अशी अपेक्षा असे.

तालमूद हा ज्यू धर्मशास्त्राचा मुख्य ग्रंथ. त्याचे पान म्हणजे एकात एक गुंफलेले ग्रंथच. मधोमध मूळ मिश्ना (जुनी नियमसंहिता) आणि तिच्यावरची चर्चा, आतल्या कडेला अकराव्या शतकातल्या ‘राशी’ या विद्वानाचे भाष्य, बाहेरच्या कडेला त्याच्या वंशजांनी व शिष्यपरंपरेने घेतलेले आक्षेप. येशिवात, म्हणजे पारंपरिक पाठशाळेत, हे पान जोडीजोडीने, मोठ्याने वाद घालत वाचतात. होखशूलेत त्याला आणखी प्रश्न विचारले जात: हा पाठ कोणत्या हस्तलिखितातला, कोणत्या शतकातला, इथे शब्द बदलला तो का? श्रद्धा ठेवूनही असे विचारता येते, हीच इथली शिकवण.

तत्त्वज्ञ हेर्मान कोहेन यांनी मारबुर्ग विद्यापीठ सोडल्यावर इथे शिकवले. लेखक फ्रान्झ काफ्का १९२३मध्ये आजारी असतानाही इथल्या व्याख्यानांना येऊन बसत. हसिदी (भक्तिमार्गी ज्यू पंथाच्या) घराण्यातले विचारवंत आब्राहम जोशुआ हेशेल इथेच शिकले.

स्त्रियांनाही प्रवेश होता, पण त्यांना मिळे ती धर्मशिक्षिकेची पदवी. रेगिना योनास यांनी १९३०मध्ये ‘स्त्री रब्बीपद भूषवू शकते का?’ हाच प्रबंधाचा विषय घेतला. सगळा युक्तिवाद धर्मशास्त्रातूनच करून त्यांनी निष्कर्ष काढला, की पूर्वग्रह आणि सवय नसणे सोडले, तर शास्त्रात स्त्रीच्या आड येणारे जवळपास काही नाही. त्यांचे मार्गदर्शक एदुआर्ड बानेट त्याच वर्षी वारले आणि संस्थेकडून रब्बीपद मिळाले नाही. ते २७ डिसेंबर १९३५ रोजी ओफेनबाखचे रब्बी माक्स डीनेमान यांनी दिले. योनास जगातल्या पहिल्या दीक्षित स्त्री रब्बी ठरल्या.

१९३३नंतर विद्यापीठांची दारे बंद झालेले ज्यू तरुण इथे आले आणि धर्मविद्येपलीकडचे विषयही शिकवले जाऊ लागले. १९ जुलै १९४२ रोजी संस्था बंद पाडली गेली, तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके विद्यार्थी उरले होते. त्यांना शिकवणारे रब्बी लिओ बेक जानेवारी १९४३मध्ये टेरेझिनच्या छळछावणीत गेले आणि तिथेही व्याख्याने देत राहिले. ते जिवंत राहिले. त्यांच्याआधी तिथे पोहोचलेल्या योनास यांना १९४४मध्ये आउशवित्झला नेऊन मारले. त्यांच्या व्याख्यानांची हस्तलिखित यादी टेरेझिनच्या संग्रहात आहे. शीर्षक आहे: ‘एकमेव स्त्री रब्बी रेगिना योनास यांची व्याख्याने’.