चालता चालता बोलणं आणि ताई ची

काही वयस्कर माणसांना चालताना प्रश्न विचारला, की ती आधी थांबतात आणि मग उत्तर देतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी ही गोष्ट हेरली आणि बोलायला थांबणारी माणसं पुढच्या सहा महिन्यांत पडण्याची शक्यता बरीच जास्त असते, असं १९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. चालणं हे नुसतं पायांचं काम नाही. तोल सावरायला मेंदूचं लक्ष लागतं. वयानुसार हे लक्ष अपुरं पडू लागलं, की दोन कामं एकदम झेपत नाहीत.

ताई ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामप्रकाराचा विचार मला इथूनच करावासा वाटतो. बघणाऱ्याला तो अगदी सौम्य व्यायाम वाटतो, पण संथपणा फसवा आहे. गुडघे किंचित वाकलेले, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश जातोय, हात वेगळ्याच दिशेला वळताहेत आणि पुढची हालचाल कोणती हेही आठवायचंय. झपाझप चालताना वेगाच्या भरात खपून जाणाऱ्या चुका इथे लगेच उघड्या पडतात. १९५६ साली चीनमध्ये सर्वसामान्यांसाठी बसवलेल्या सोप्या प्रकारातही २४ हालचाली आहेत, आणि त्या क्रमानं लक्षात ठेवाव्या लागतात.

मग फायदा हालचालीचा, की डोकं लावण्याचा? अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या संशोधकांनी हा प्रश्न थेट तपासला. स्मरणशक्तीची तक्रार असलेल्या किंवा सौम्य बौद्धिक घट आढळलेल्या, पासष्टीपुढच्या ३१८ जणांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम, दुसऱ्याला नेहमीची ताई ची, तर तिसऱ्याला ताई ची करता करताच शब्दांची अक्षरं सुलट-उलट सांगण्यासारखी कामं. वर्ग आठवड्यातून दोनदा, घरबसल्या व्हिडिओ कॉलवर. २४ आठवड्यांनी, ३० गुणांच्या बौद्धिक चाचणीत तिसरा गट स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा सुमारे २.८ गुणांनी आणि नेहमीची ताई ची करणाऱ्यांपेक्षा १.५ गुणांनी पुढे होता. चालताना दुसरं काम करणंही त्यांना अधिक जमू लागलं. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले.

शांघायमधल्या १२० ज्येष्ठांवरचा अभ्यास मात्र मला याहून रंजक वाटतो. त्यात ४० आठवडे काहींनी ताई ची केली, काही चालले, काही जमून गप्पा-चर्चा करत राहिले, तर काहींनी वेगळं काहीच केलं नाही. मेंदूच्या स्कॅनमध्ये ताई ची करणाऱ्यांच्या मेंदूचं आकारमान वाढलेलं दिसलं. गप्पा मारणाऱ्यांचंही वाढलं! चालणाऱ्यांचं नाही. म्हणून चालणं कुचकामी ठरत नाही. अमेरिकेतल्या एका प्रयोगात वर्षभर दमदार चालणाऱ्यांच्या मेंदूतला, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता. पण वर्गातली सोबत, बोलणं-चालणं यांचा वाटा ताई चीच्या खात्यात जमा होत असावा, ही शंका रास्त आहे.

आणखी एक अडचण आहे. गोळीच्या चाचणीत कुणाला खरं औषध मिळालं हे लपवता येतं. आपण ताई ची करतोय हे करणाऱ्यापासून कसं लपवणार? शिवाय चाचणीतले गुण वाढणं वेगळं आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टळणं वेगळं. त्यामुळे ‘ताई चीनं अल्झायमर बरा होतो’ असे संदेश पुढे ढकलू नयेत. तोल सुधारून पडणं कमी होतं, याचा पुरावा त्या मानानं कितीतरी भक्कम आहे. गुडघे दुखत असतील किंवा उभं राहणं अवघड असेल, तर खुर्चीत बसून करायची ताई चीही शिकवली जाते.