प्रार्थना, औषध आणि पोलीस ठाणे : सातारा-सांगलीच्या खेड्यांतील ख्रिस्ती प्रचाराची पार्श्वभूमी

माण, खटाव, आटपाडी किंवा जत तालुक्यातील एखाद्या वाडीवर बाहेरगावचे ख्रिस्ती प्रचारक येतात, कोणाच्या तरी अंगणात सतरंजी अंथरून गाणी म्हणतात, पत्रके वाटतात आणि शेवटी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. त्यावरून पुढे वाद उद्भवलाच, तर तो बहुतेक वेळा या शेवटच्या भागावरून उद्भवतो. धर्माचा प्रचार करण्याचा हक्क राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने दिला आहे, हे तक्रार करणाऱ्यालाही सहसा ठाऊक असते. प्रार्थनेने आजार गेला असे चारचौघांत सांगणे हा श्रद्धेचा उच्चार मानायचा की फसवणूक, या प्रश्नावर मात्र गाव आणि पोलीस ठाणे दोन्ही अडखळतात. या दोन जिल्ह्यांत रोगनिवारण आणि धर्मप्रचार यांची सांगड शंभर वर्षांहून जुनी असल्यामुळे या वादाची मुळे अलीकडच्या राजकारणापेक्षा बरीच खोल गेलेली आहेत.

सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन मिशनऱ्यांनी साताऱ्यात कायमचे ठाणे केले. कोल्हापुरात १८५२ पासून दुसरे अमेरिकन मिशन होते आणि त्याचा विस्तार पुढे सांगली-मिरजेकडे झाला. त्या काळाचे कागद वाचताना आजच्या जिल्ह्यांच्या सीमा बाजूला ठेवाव्या लागतात, कारण सांगली, मिरज, जत, औंध आणि फलटण ही संस्थाने होती. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन दौऱ्यावर निघायचे, आठवडी बाजारात आणि जत्रेत उभे राहून बोलायचे, बायबलबाईंनी घरोघर जाऊन बायकांशी बोलायचे, अशी प्रचाराची रीत होती. या प्रचाराला मराठी वळण देण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न ज्या कवीने, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी केला, त्याने १९१७ मध्ये मिशनचे काम सोडून आपला मुक्काम साताऱ्यात ठेवला होता. अभंग आणि कीर्तन यांच्या वाटेने ख्रिस्त सांगता येतो, ही त्याची धारणा होती आणि आजच्या अंगणातल्या गाण्यांत तिचा अंश अजूनही ऐकू येतो.

लोकांच्या मनात मिशन राहिले ते मात्र दवाखान्यामुळे. एका मिशनरी डॉक्टरने मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले आणि तीन वर्षांनी तेथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले. मिरज रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रोगी तेथे येत, आणि आजही मिरजेला जी दवाखान्यांची गर्दी दिसते तिचा उगम तेथेच आहे. वाईतही मिशनचे रुग्णालय होते. अशा रुग्णालयांत ओसरीवर बसलेल्या रोग्यांना शास्त्रपाठ वाचून दाखवत आणि शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना होई. पण मोतीबिंदू निघायचा तो शस्त्राने, याबद्दल डॉक्टरच्या किंवा रोग्याच्या मनात संशय नसे. रोगी हजारोंनी आले, ख्रिस्ती त्यांतले थोडेच झाले. त्यामुळे औषधाचे आमिष दाखवून बाटवले, हा आरोप त्या काळीही होत असला तरी तो आकड्यांवर उभा राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. पन्नाशीच्या दशकात परदेशी मिशनऱ्यांच्या प्रवेशाचे नियम आवळले गेले. तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाविषयी १९५४ मध्ये नेमलेल्या चौकशी समितीचा १९५६ चा अहवाल, विदर्भ त्या वेळी त्याच राज्यात असल्यामुळे, मराठी वाचकांतही चर्चिला गेला. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांना आरक्षणासारख्या सवलतींबाहेर ठेवले. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले, ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. त्याचा खेड्यातला परिणाम असा, की रविवारी प्रार्थनेला जाणारी अनेक कुटुंबे कागदोपत्री हिंदूच राहतात. २०११ च्या जनगणनेत राज्यातील ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी दिसतात. हा आकडा आणि प्रत्यक्ष हजेरी यांत अंतर आहे, असे दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने सांगतात. १९५६ च्या धम्मदीक्षेने तर ज्या वस्त्यांत मिशनऱ्यांचे ऐकून घेतले जाई, त्यांतल्या मोठ्या भागाला निराळीच वाट दाखवली.

जुन्या मिशनांचे वारस १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या एका मोठ्या चर्चमध्ये एकत्र आले आणि परदेशी माणसे हळूहळू परतली. त्यानंतर खेड्यात जे प्रचारक येऊ लागले ते प्रामुख्याने छोट्या, स्वतंत्र मंडळ्यांचे, मराठी बोलणारे आणि बहुधा शेजारच्याच जिल्ह्यातले. परदेशी पाहुणा कधी सोबत असतो, परंतु त्याच्यावरचे निर्बंध कडक आहेत: पर्यटकाच्या व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही आणि मार्च २०२१ पासून परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड असणाऱ्यालाही मिशनरी कामासाठी वेगळी परवानगी लागते. तरीही गावात 'परदेशी मिशनरी आले' हीच बातमी फिरते, मग आलेला माणूस सोलापूरचा असला तरी. या नव्या मंडळ्यांपाशी रुग्णालय नाही. त्यांच्यापाशी प्रार्थना आहे आणि साक्ष आहे, म्हणजे बरे झालेल्या माणसाने उभे राहून आपला अनुभव सांगणे.

येथे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आडवा येतो. त्याचा ध्यास घेतलेला डॉक्टर, नरेंद्र दाभोलकर, साताऱ्याचा, त्याच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कामही साताऱ्यातून चाललेले, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्याचा खून झाल्यावर काही दिवसांतच अध्यादेश निघाला. डिसेंबरमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र, इतके त्याचे स्वरूप कडक आहे. आधीचे मसुदे याहून व्यापक होते. वारकऱ्यांतील काहींसह अनेकांच्या हरकतींनंतर त्यांना कात्री लागली, आणि शेवटी अनुसूचीत बारा बाबी व त्यांच्या जोडीला काय गुन्हा नाही हे सांगणारे एक सविस्तर कलम, अशी रचना झाली.

वारकऱ्यांची समजूत काढण्यासाठी आलेले हे कलमच आज अंगणातल्या ख्रिस्ती सभेलाही लागू पडते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. घरात, देवळात, दर्ग्यात, गुरुद्वारात किंवा चर्चमध्ये केलेली प्रार्थना शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान करत नसेल तर ती कायद्याबाहेर आहे. दिवंगत संतांचे चमत्कार सांगणेही बाहेर आहे. दुसरीकडे, तथाकथित चमत्कार करून दाखवून पैसा मिळवणे आणि अशा चमत्कारांच्या प्रचाराने लोकांना फसवणे किंवा त्यांना दहशत घालणे हे अनुसूचीत आहे. आता एखादी बाई उभी राहून 'तीन वर्षांची पोटदुखी प्रार्थनेने गेली' असे सांगते. ती दिवंगत संत नाही, तिने पैसा घेतलेला नाही आणि तिला स्वतःला ते खरे वाटते. सभेच्या अखेरीस दानाची पिशवी फिरली तर तो चमत्कारातून मिळवलेला पैसा ठरतो का, की मंदिरातल्या दानपेटीसारखे ते ऐच्छिक दान राहते? कायद्याचा मजकूर याचे उत्तर देत नाही, आणि प्रत्येक पोलीस निरीक्षक, ज्याला या कायद्याने दक्षता अधिकाऱ्याचे काम दिले आहे, ते आपल्या परीने देतो.

खरा धोका निराळ्याच ठिकाणी आहे. उपचार रोखण्याविषयीची अनुसूचीतली बाब कुत्रा, साप आणि विंचू चावण्यापुरती आहे. अशा वेळी वैद्यकीय उपचारापासून परावृत्त करून मंत्रतंत्र किंवा गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. मधुमेह्याने इन्सुलिन थांबवले, क्षयरोग्याने गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, तर ही बाब थेट लागू पडत नाही. १९५४ चा औषधे व जादूचे उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा छापील पत्रकाला लावता येतो आणि त्याच्या व्याख्येत तोंडी जाहिरातही येते, पण श्रद्धेने दिलेल्या साक्षीला जाहिरात ठरवणे अवघड. जे प्रचारक 'गोळ्या चालू ठेवा, आम्ही प्रार्थना करतो' असे सांगतात आणि जे 'विश्वास असेल तर गोळी कशाला' असे सुचवतात, त्यांच्यातील हा फरक तपासात सर्वांत महत्त्वाचा ठरायला हवा. तक्रारीत मात्र भर असतो तो धर्मांतरावर. शिवाय त्याच गावात अंगारा देणाऱ्या देवऋषीवर हा कायदा उगारायला सहसा कोणी पुढे येत नाही, कारण तो गावचा असतो. कायदा आणणाऱ्या चळवळीने असा भेद कधीच केला नव्हता.

धर्मांतराला स्वतंत्रपणे रोखणारे कायदे ओडिशा आणि मध्य प्रदेश यांनी साठीच्या दशकात केले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ते वैध ठरवताना प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे म्हटले. महाराष्ट्राने त्या वेळी तसा कायदा केला नाही, म्हणून येथील तक्रारी धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २९९व्या कलमाखाली, किंवा जादूटोणाविरोधी कायद्याखाली नोंदवण्याचा आग्रह होत आला. जून २०२५ मध्ये सांगलीत सक्तीच्या धर्मांतराच्या आरोपावरून मोर्चा निघाला, त्यानंतर चिथावणीखोर वक्तव्यांच्या निषेधार्थ ख्रिस्ती समाजही रस्त्यावर आला आणि जुलैच्या अधिवेशनात कठोर कायद्याचे आश्वासन दिले गेले. या साऱ्या चर्चेत सक्ती, आमिष आणि आरक्षण हे शब्द वारंवार आले. प्रार्थनेसाठी औषध सोडायला सांगणाऱ्याचे काय करायचे, हा विषय तिच्यात जवळजवळ आलाच नाही.