होयाचा फुलदांडा छाटू नये

फुले गळून गेल्यावर होया या मेणासारख्या फुलांच्या वेलीचा उरलेला फुलदांडा बुडापासून छाटला की वेल जोमाने फुलते, असा सल्ला मराठवाड्यातील हौशी बागकाम करणाऱ्यांमध्ये बरीच वर्षे फिरत आहे. तो चुकीचा आहे. गुलाब आणि मोगरा यांना हा नियम लागू पडतो, कारण त्यांची फुले छाटणीनंतर फुटणाऱ्या नव्या फांद्यांवर येतात. होया कार्नोसा आणि तिच्यासारख्या बहुतेक जातींत मात्र खोडातून निघालेला तोच आखूड दांडा पुढच्या हंगामात, आणि त्यानंतरही, कळ्यांचा नवा झुबका धरतो. जुना दांडा जवळून पाहिल्यास टोकाकडे गळालेल्या फुलांच्या देठांचे बारीक वण दाटीने दिसतात. तो छाटला की वेलीला नवा दांडा तयार करावा लागतो आणि फुले लांबणीवर पडतात. पूर्ण वाळलेला दांडा काढायला अर्थातच हरकत नाही.

पाने नसलेली लांबसडक कोवळी फूट वांझ समजून तोडली जाते, तेही अनाठायीच. वेल आधी आधार शोधते, पाने मागाहून येतात.

फुले न येण्याचे कारण बहुधा अपुरा उजेड असते. तरीही लातूर-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पश्चिमेच्या गॅलरीत पाने करपतात. पूर्वेची खिडकी उत्तम. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे, मात्र कळ्या धरल्यावर कुंडी पूर्ण कोरडी पडू देऊ नये, नाहीतर त्या उमलण्याआधीच गळतात.